विद्यापीठ लोणेऱ्याचे, कसोटी बीडची

डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या भवितव्याचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. तो थोडक्यात असा. रायगड जिल्ह्यात माणगावजवळच्या लोणेऱ्याला १९८९ च्या कायद्याने उभे राहिलेले हे विद्यापीठ मुळात निवासी होते. स्वतःचे विद्यार्थी, स्वतःचे शिक्षक आणि एकच परिसर असे त्याचे रूप होते. २०१४ च्या कायद्याने ते राज्यभर संलग्नता देणारे विद्यापीठ झाले, गावोगावची महाविद्यालये त्याच्या पदरात पडली आणि त्याची शक्ती प्रश्नपत्रिका काढण्यात, उत्तरपत्रिका तपासून घेण्यात आणि निकाल लावण्यात खर्च होऊ लागली. आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरणच (२०२०) पंधरा वर्षांत संलग्नतेची पद्धत टप्प्याटप्प्याने संपवायला सांगते आहे. पुण्याचे सीओईपी हे अभियांत्रिकी महाविद्यालय २०२२ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाले. मग लोणेऱ्यानेही हे ओझे उतरवावे, आपल्या परिसरापुरते राहावे आणि गुणवत्तेच्या मागे लागावे. हा युक्तिवाद करणारे बहुतेक जण शिक्षणाची खरी आच असलेले आहेत, म्हणून तो उडवून लावून चालणार नाही. पण तो चुकीचा आहे. लोणेऱ्याच्या वेशीवरून ही चूक दिसत नाही. चारशेएक किलोमीटर अलीकडे, बीड जिल्ह्यातून पाहिले की ती लख्ख दिसते.

आधी त्यातले खरे ते मान्य करू. संलग्नता देणारे विद्यापीठ बघता बघता परीक्षा मंडळ होऊन बसते, हा अनुभव एकट्या लोणेऱ्याचा नाही, राज्यातल्या सगळ्याच जुन्या विद्यापीठांचा आहे. परीक्षा लांबली की निकाल लांबतो, निकाल लांबला की विद्यार्थ्याची नोकरी किंवा पुढचा प्रवेश हुकतो. हे सगळे दुखणे खरे आहे. प्रश्न उपचाराचा आहे. ‘ओझे’ म्हणून जे उतरवायचे म्हणतात त्यात नेमके कोण आहे, हे एकदा पाहायला हवे. २०१७ च्या सुमारास महाविद्यालये या विद्यापीठाकडे येऊ लागली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या नामांकित महाविद्यालयांनी बहुतांशी आपली जुनी विद्यापीठे सोडली नाहीत. आली ती मुख्यतः मराठवाड्यासारख्या भागातली. बीड जिल्ह्यातून अंबाजोगाई, परळी आणि बीड इथली महाविद्यालये आली. अंबाजोगाईचे महात्मा बसवेश्वर शिक्षण संस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालय तर वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, १९८३ च्या सुमारास विनाअनुदानित अभियांत्रिकी शिक्षणाची दारे उघडली त्या काळातले. पश्चिम महाराष्ट्रात त्याच लाटेत निघालेल्या संस्थांना पाठीशी साखर कारखाने, बँका आणि कारखानदारी मिळाली. बीडमध्ये त्यातले फारसे काही नव्हते. म्हणजे ज्यांना दुसरा आधार नव्हता तेच या विद्यापीठाकडे आले. आता त्यांनाच ओझे ठरवायचे म्हणजे रुग्णांमुळे रुग्णालयाची आकडेवारी बिघडते, सबब त्यांना घरी पाठवा, असे म्हणण्यासारखे आहे.

सीओईपीचे उदाहरण इथे लागू पडत नाही, त्याचे कारण साधे आहे. १८५४ पासून चालत आलेली ती एक संस्था होती आणि विद्यापीठ झाल्यावरही एकच संस्था राहिली. तिने कोणाला सोडले नाही, कारण तिच्यावर कोणी अवलंबून नव्हते. लोणेऱ्याने संलग्नता सोडणे हा वेगळाच व्यवहार होईल. एका कायद्याने दिलेला आधार दुसऱ्या कायद्याने काढून घेण्याचा तो प्रकार आहे. खरा धडा घ्यायचा असेल तर तो सीओईपीपेक्षा मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेकडून, म्हणजे आयसीटीकडून घ्यावा. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून सुरू झालेली आणि २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ झालेली ही संस्था आपल्या विषयात देशात अग्रगण्य मानली जाते. तिला २०१८ मध्ये मराठवाड्यात यावेसे वाटले, तेव्हा तिने जालन्यातल्या एखाद्या महाविद्यालयावर आपल्या नावाची पाटी लावली नाही. स्वतःचे केंद्र काढले, स्वतःचा अभ्यासक्रम तिथे चालवला. विशेष विषयाचे विद्यापीठ मागास भागात जाऊ शकते आणि गुणवत्ता न सोडता जाऊ शकते, ही गोष्ट बीडच्या शेजारच्याच जिल्ह्यात दिसते. अट एकच, विद्यापीठाने तिथे स्वतः शिकवायला जायचे.

लोणेऱ्याने हात काढून घेतला तर बीडच्या महाविद्यालयांपुढे तीन वाटा उरतात. पहिली स्वायत्ततेची. पण स्वायत्तता पेलायला पुरेसे कायम शिक्षक, चालू प्रयोगशाळा, मूल्यांकनाचा दर्जा आणि चार पैसे शिल्लक लागतात. ज्यांच्याकडे हे आहे ती महाविद्यालये स्वायत्त होतच आहेत, मोठ्या संस्था तर खासगी विद्यापीठे काढत आहेत. ज्यांच्याकडे नाही त्यांना स्वायत्त म्हणणे म्हणजे वाऱ्यावर सोडून त्याला मोकळीक हे नाव देणे. दुसरी वाट छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाकडे परतण्याची. १९५८ पासूनचे ते विद्यापीठ कला, वाणिज्य, विज्ञानाच्या मोठ्या पसाऱ्यात अभियांत्रिकीला एक विद्याशाखा म्हणून सांभाळते. या विषयाचा स्वतंत्र विचार व्हावा म्हणून तर महाविद्यालये तिथून बाहेर पडली. तिसरी वाट बंद पडण्याची. ती बंद पडली तर मुले पुण्याला जातील, असे सहज म्हटले जाते. मुले जातील, मुलींचे काय? २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे ८०७ मुली हे राज्यातले सर्वांत वाईट प्रमाण याच जिल्ह्याचे होते. जिथे मुलगी जन्माला येण्यापासून झगडा आहे तिथे तिच्या उच्च शिक्षणाचा निर्णय गुणपत्रिकेपेक्षा अंतरावर जास्त ठरतो. जुलै २०२४ पासून राज्य सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. निर्णय चांगलाच आहे. पण शुल्क माफ झाले तरी पुण्यातली खोली आणि खानावळ माफ होत नाही. ही सवलत पुरी वसूल होते ती घरापासून एसटीच्या पासवर जाता येईल अशा महाविद्यालयात. ते महाविद्यालयच राहिले नाही तर सवलत कागदावर राहील.

यावर पहिला आक्षेप येतो तो रिकाम्या जागांचा. मुलेच येत नाहीत तर महाविद्यालये टिकवायची कोणासाठी? जागा रिकाम्या राहतात हे खरेच आहे, पण त्याचे सगळे खापर ग्रामीण महाविद्यालयांच्या दर्जावर फोडता येत नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून चांगल्या महाविद्यालयांच्या प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादा काढून टाकली. त्याचा लाभ शहरांनी घेतला. संगणक आणि त्याच्या आसपासच्या शाखांच्या तुकड्या वाढवून घेणे त्यांना सोपे होते, आणि जिथे तुकड्या वाढतात तिकडे विद्यार्थ्यांचा ओघ वळतो. त्यामुळे बीडची रिकामी जागा ही पुष्कळदा पुण्यात वाढवलेल्या जागेची दुसरी बाजू असते. शिवाय स्थापत्य, यंत्र, विद्युत या मूळ शाखा ओस पडताहेत ही तक्रार तर शहरांतूनही ऐकू येते. म्हणजे दुखणे अभियांत्रिकी शिक्षणाचेच आहे, त्याचा झटका आधी अशक्त जागी बसतो इतकेच. अशा वेळी राज्याचे विशेष विद्यापीठ बाजाराच्या कलाने मागे सरकत राहिले तर त्याची गरज काय? बाजार ते काम फुकट करतोच आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवे. संलग्नता राखा म्हणणारे शेवटी शिक्षणसम्राटांची दुकाने राखतात, असा तो आक्षेप. कागदोपत्री शिक्षक, तपासणीपुरती सजवलेली प्रयोगशाळा, शिष्यवृत्तीच्या रकमेवर चालणारा कारभार हे प्रकार राज्यात कुठेच नाहीत, असे कोण म्हणेल? पण मग प्रश्न असा की विद्यापीठ अशा महाविद्यालयांची संलग्नता काढून का घेत नाही? कायद्याने अधिकार असतो, तपासणी समित्या असतात, अहवालही येतात. घोडे अडते ते पुढे. महाविद्यालय बंद केले की त्यातल्या विद्यार्थ्यांना घ्यायला जिल्ह्यात दुसरी जागा नसते. पालक रस्त्यावर येतात, लोकप्रतिनिधी फोन करतात आणि त्रुटी दूर करण्यासाठी आणखी एक वर्ष दिले जाते. थोडक्यात, ज्या विद्यापीठाकडे त्या भागात स्वतःचा एकही वर्ग नाही, त्याला निकृष्ट महाविद्यालय बंद करण्याची ताकदच येत नाही. हीच या वादातली कळीची गोष्ट आहे. गुणवत्ता हवी असेल तर संलग्नता सोडा, असे म्हणणारे उलट्या टोकाने विचार करतात. विद्यापीठाने मराठवाड्यात स्वतःचे शिकवणारे केंद्र उभारले तरच त्याला संलग्न महाविद्यालयांशी कठोर वागता येईल. असे केंद्र असेल तर तीन वर्षांची मुदत देऊन न सुधारणारे महाविद्यालय बंद करता येईल आणि तिथल्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या वर्गात बसवता येईल. ओझे उतरवण्याच्या मार्गाने मात्र दुकाने बंद होणार नाहीत. ती फक्त पाटी बदलतील, दुसऱ्या विद्यापीठाकडे जातील आणि जाब विचारणारा लांब गेला म्हणून सुखावतील.

इथे मराठवाड्याच्या बाजूने बोलणारे काही जण तिसरीच मागणी पुढे करतात. लोणेरे लांब आहे, तेव्हा मराठवाड्याला स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठच द्या. मागणीतली भावना समजण्यासारखी आहे, पण इतर राज्यांचा अनुभव सावध करणारा आहे. तामिळनाडूने २००७ च्या सुमारास अण्णा विद्यापीठाची विभागवार फाळणी केली आणि काही वर्षांतच सगळे पुन्हा एकत्र केले. उत्तर प्रदेशने २०१० मध्ये आपल्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे दोन तुकडे केले, २०१३ मध्ये ते जोडले. आंध्रात मात्र १९७२ च्या जवाहरलाल नेहरू तंत्रशास्त्र विद्यापीठातून २००८ मध्ये काकीनाडा आणि अनंतपूर ही वेगळी विद्यापीठे निघाली आणि टिकली. यातला एक फरक नजरेआड करू नये. काकीनाडा आणि अनंतपूर इथली अभियांत्रिकी महाविद्यालये १९४६ पासूनची. शिकवणारी संस्था तिथे आधी होती, विद्यापीठ नंतर आले. अशी संस्था नसताना आज नवे विद्यापीठ काढले तर नवा कुलगुरू, नवा कुलसचिव, नवा परीक्षा विभाग आणि जुनीच महाविद्यालये एवढेच हाती पडेल. त्यापेक्षा कर्नाटकाकडे पाहावे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावला आहे, राजधानी बेंगळुरूत नाही. त्याने कलबुर्गीला विभागीय केंद्र काढले आणि तिथे स्वतःचे पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवले. कलबुर्गी आणि बीड हे दोन्ही जिल्हे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत एकाच निजामी राजवटीत होते, दोघांचा मागासपणाही एकाच मुळाचा. एका विद्यापीठाला तिथे जे जमले ते दुसऱ्याला इथे जमू नये, याला कारण नाही.

मग हा आक्षेप उरतो की बीडमध्ये उद्योगच नाहीत, तिथे अभियांत्रिकीचे केंद्र शिकवणार काय? उद्योग म्हणजे औद्योगिक वसाहतीतली शेडच, असे धरून चालले तर प्रश्न बिनतोड वाटतो. पण अभियांत्रिकीला काम लागते, ते बीडमध्ये हवे तेवढे आहे. परळीचे औष्णिक वीज केंद्र १९७१ पासून चालत आले. त्याचे जुने संच निवृत्त झाले, आता प्रत्येकी २५० मेगावॅटचे तीन संच उरले आहेत. २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये हे केंद्र बंद ठेवावे लागले ते कोळशावाचून नव्हे, पाण्यावाचून. कमी पाण्यात संच थंड कसे ठेवायचे, राखेचे काय करायचे, निवृत्त संचांच्या जागेचे आणि वीजवाहिन्यांचे पुढे काय करायचे, जिल्ह्याच्या माळांवर उभ्या राहिलेल्या पवनचक्क्यांची आणि सौर प्रकल्पांची वीज जाळ्यात कशी मुरवायची, हे प्रश्न पुढची पंचवीस वर्षे पुरतील. दुष्काळी भागातल्या वीजनिर्मितीचा अभ्यास परळीत नाही करायचा तर कुठे करायचा? पाण्याचे तसेच. भूमिगत पाटाने शेतीला पाणी देणारी खजाना विहीर सोळाव्या शतकात याच बीडजवळ बांधली गेली. तिच्या जिल्ह्यात आज उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते आणि माजलगावच्या धरणाकडे डोळे लागतात. बालाघाटाच्या खडकात पाणी कुठे मुरते आणि कुठे वाहून जाते, हा स्थापत्य अभियांत्रिकीचा अस्सल विषय आहे.

आणि सर्वांत मोठा विषय उसाचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन लाखो माणसे या जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, या हिशोबात त्यांची मोजदाद होते. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ मध्ये सरकारला करावी लागली. ती चर्चा आरोग्य आणि शोषण या दोन अंगांनी झाली आणि ते योग्यच होते. पण डोक्यावरून मोळी वाहून ट्रॉलीत चढवण्याचे काम इतक्या वर्षांत जरासुद्धा हलके का झाले नाही, हा प्रश्न अवजार घडवणाऱ्यांनाही विचारायला हवा. आता तोडणीयंत्रे येत आहेत, त्यांना सरकारी अनुदानही मिळते. ही अवजड यंत्रे मोठ्या फडाला आणि रुंद सरीला मानवतात, आपले फड तुकड्यातुकड्यांचे. लहान फडाला साजेसे यंत्र घडले तर ते कोणाच्या मालकीचे असेल, कोण चालवेल, कोण दुरुस्त करेल आणि कोयता सुटलेली माणसे कोणत्या कामाला लागतील, हे सगळे एकाच प्रश्नाचे भाग आहेत. त्याची पहिली झळ जिथे बसणार तिथल्या मुलांनी तो शिकावा, यापेक्षा सयुक्तिक अभ्यासक्रम दुसरा नाही. यावर कोणी म्हणतात की त्यासाठी कौशल्य केंद्र पुरे, टाटा टेक्नॉलॉजीजच्या सहकार्याने बीडला तसे केंद्र मंजूर झालेच आहे. ते व्हावे, जरूर व्हावे. पण कौशल्य केंद्र असलेले यंत्र चालवायला शिकवते. यंत्र कसे असावे हे ठरवण्याचा अधिकार पदवी आणि संशोधनाच्या शिक्षणातून येतो. एका जिल्ह्याच्या वाट्याला कायम पहिलेच आणि दुसऱ्याच्या वाट्याला कायम दुसरेच यायचे, ही वाटणी आपोआप झालेली नाही आणि ती मुकाट मान्य करण्याचेही कारण नाही.

शेवटचा आक्षेप पैशाचा. विद्यापीठाकडे पैसा नाही, सरकारकडे नाही, मग नवे केंद्र कशातून? परीक्षा आणि संलग्नता शुल्काच्या रूपाने मराठवाड्यातली मुले वर्षानुवर्षे विद्यापीठाच्या तिजोरीत भर घालत आहेत. त्यातला ठरावीक हिस्सा त्याच विभागात शिकवण्यावर खर्च व्हावा, ही मागणी अवाजवी कशी? राहिले सरकार, तर त्याला इथे औदार्य दाखवायचे नाही, कर्तव्य करायचे आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासंबंधी राज्यपालांवर जी विशेष जबाबदारी टाकता येते, तिच्यात तंत्रशिक्षण आणि व्यवसाय प्रशिक्षणाच्या पुरेशा सोयींचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे. या तरतुदीखाली १९९४ मध्ये आलेल्या विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. मंडळे गेली, अनुच्छेद जागेवरच आहे. दांडेकर समितीने १९८४ मध्ये विभागवार अनुशेष मोजला, केळकर समितीने २०१३ मध्ये पुन्हा हिशोब मांडला. नगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग गेल्या शतकात मंजूर झाला आणि बीडला पहिली गाडी पोहोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. पैसा नाही हे उत्तर या जिल्ह्याला जितक्यांदा मिळाले, तितक्यांदा ते प्राधान्य नाही या उत्तराचे सभ्य रूप ठरले.

विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे त्यांचा दाखला इथे शोभेसाठी देत नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खाते सांभाळताना डॉ. आंबेडकरांकडे पाणी आणि वीज हेही विषय होते. दामोदर खोऱ्याची योजना आणि केंद्रीय पातळीवरच्या जल व वीज नियोजनाच्या यंत्रणा त्याच काळात आकाराला आल्या. अभियांत्रिकी हे मागास प्रदेशाला वर काढण्याचे साधन आहे, अशी ती दृष्टी होती. आणि त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये महाविद्यालय काढले ते औरंगाबादेत, कारण गरज तिथे होती. त्यांच्या नावाच्या विद्यापीठाने गरज असलेल्या भागातून बाहेर पडून गुणवत्ता मिळवावी, ही सूचना म्हणून आतूनच विसंगत आहे. मागणी चार कलमांत सांगता येईल. बीड जिल्ह्यात, शक्यतो अंबाजोगाई-परळीच्या पट्ट्यात, विद्यापीठाचे स्वतःचे पदव्युत्तर आणि संशोधन केंद्र असावे आणि त्याचे विषय वीज, पाणी आणि शेतीची यंत्रे हे असावेत. केंद्राचे कायम शिक्षक जिल्ह्यातल्या संलग्न महाविद्यालयांतही शिकवोत आणि तिथल्या मुलांना केंद्राच्या प्रयोगशाळा खुल्या असोत. परीक्षा आणि मूल्यमापनाचे अधिकार विभागाकडे यावेत, निकालाची तारीख प्रवेशाआधीच जाहीर व्हावी. आणि हे सगळे झाल्यावर, निकष न पाळणाऱ्या महाविद्यालयाला तीन वर्षांनंतर कोणाच्याही फोनवरून मुदतवाढ मिळू नये. शेवटचे कलम पहिल्या तिन्हींशिवाय अमलात येत नाही आणि पहिली तीन शेवटच्याशिवाय फोल आहेत. लोणेरे कोणत्या दर्जाचे विद्यापीठ आहे, हे पुढच्या दहा वर्षांत लोणेऱ्याच्या परिसरातल्या इमारती पाहून ठरवू नये. अंबाजोगाईच्या वर्गात कोण शिकवते आहे आणि काय शिकवते आहे, यावरून ठरवावे.